निम्मी क्षमता हरित झाली, मग निम्मी वीज का नाही?

आकडेमोड्या (धागाकर्ता)

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी आता बिगर-जीवाश्म इंधनांची झाली. ३० जूनचे आकडे असे: एकूण ४८५ गिगावॉटच्या घरात (१ गिगावॉट म्हणजे १,००० मेगावॉट), आणि त्यातले सौर, पवन, जल, जैव, अणू मिळून २४३ च्या आसपास. हे उद्दिष्ट २०३० सालासाठी होतं. पाच वर्षं आधी गाठलं, कौतुक आहेच. पण तेव्हापासून व्हॉट्सॲपवर 'आता देशाची निम्मी वीज सूर्य-वाऱ्याची' असे फॉरवर्ड फिरताहेत, आणि त्यांच्याखाली तितक्याच ठासून 'सगळं थोतांड आहे' म्हणणारेही हजर. दोन्ही बाजू एकाच जागी घसरतात, म्हणून हा धागा.

आगारात एसटीच्या गाड्या किती उभ्या आहेत यावरून वर्षभरात माणसं किती पोचली ते कळत नाही. क्षमतेचं तेच. अणुभट्टी वर्षभरात आपल्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर चालते. कोळशाचे संच २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये ७० टक्क्यांच्या आसपास होते. पवनचक्की पाचवा ते पाव हिस्सा देते, सौरप्रकल्प सरासरीने पाचवा हिस्साही जेमतेम. त्यामुळे १ गिगावॉट सौर आणि १ गिगावॉट कोळसा कागदावर शेजारी शेजारी लिहिले की बरोबरीचे दिसतात, युनिटं मोजायला बसलं की नाही.

आता युनिटं मोजू. २०२४-२५ मध्ये देशात साधारण १,८२५ अब्ज युनिटं वीज तयार झाली. त्यात मोठी धरणं धरून सगळी अक्षय ऊर्जा ४०० अब्ज युनिटांच्या आसपास. म्हणजे २२ टक्के. एकट्या सौरऊर्जेचा वाटा ८ टक्क्यांच्या जवळ. सुमारे पाऊण वीज अजून औष्णिक, म्हणजे मुख्यतः कोळशाची.

दहा वर्षं मागे जा. २०१४-१५ मध्ये एकूण १,११० अब्ज युनिटं, त्यात अक्षय (पुन्हा धरणांसकट) १९० च्या आसपास. १७ टक्के. दहा वर्षांत सौरक्षमता ३-४ गिगावॉटवरून शंभरावर गेली आणि एकूण वाटा १७ वरून २२! पहिल्यांदा ही भागाकाराची बेरीज-वजाबाकी केली तेव्हा वाटलं कुठेतरी शून्य चुकतंय. पण हिशोब बरोबर आहे. धरणांची वीज १३० वरून १५० च्या आतच आली, जवळजवळ तिथल्या तिथे. बाकीची अक्षय ६२ वरून २५५ झाली, म्हणजे चौपट. पण त्याच काळात देशाची भूकच ७०० अब्ज युनिटांनी वाढली. नव्या मागणीतला जेमतेम ३० टक्के भाग अक्षय ऊर्जेने भरला, उरलेला मुख्यतः कोळशाने.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: किती मेगावॉट बसवले हे विचारू नका. यंदा नव्या अक्षय प्रकल्पांनी किती युनिटं वाढवली आणि यंदा मागणी किती युनिटांनी वाढली, हे दोन आकडे शेजारी ठेवा. पहिला मोठा झाला त्या वर्षी कोळसा जळायचा कमी होईल, त्याआधी नाही.

टिवल्याबावल्या

पहिला! खुर्ची टाकून बसलोय. काका येतीलच.

खवचट काका

आलोच.

धागाकर्त्याने निदान आकडे तरी दिले, नाहीतर इथे कविताच जास्त होतात. दोन गोष्टी.

एक: १९६० च्या दशकात या देशाची जवळपास निम्मी वीजक्षमता जलविद्युत होती. कोयना, भाक्रा, आमचं तारुण्य. तेव्हा कुणी 'हरित क्रांती झाली' म्हणून ढोल बडवले नाहीत (ती दुसरीच कुठलीतरी झाली). त्याही आधी, १९०२ साली कर्नाटकात शिवनसमुद्रमची वीज कोलारच्या खाणीला जात होती आणि १९१५ ला खोपोलीची मुंबईच्या गिरण्यांना. म्हणजे आपण अक्षयकडे 'जातोय' की पन्नास वर्षं भरकटून परत येतोय?

दोन: मार्च २०१९ पर्यंत २५ मेगावॉटच्या वरचा जलविद्युत प्रकल्प सरकारी हिशोबात 'अक्षय' नव्हताच. एका निर्णयाने तो अक्षय झाला. धरण तेच, पाणी तेच, रकाना बदलला. ४५ गिगावॉट एका रात्रीत हरित!

आकडेमोड्या

काका, म्हणूनच दोन्ही वर्षांत धरणं धरली आहेत. रकान्याचा खेळ माझ्या १७ आणि २२ मध्ये शिरत नाही. धरणं काढून टाकली तर साडेपाच टक्क्यांवरून १४ वर आलो. चित्र जास्त देखणं दिसतं, उलट.

पन्नासहर्ट्झ

बरेच दिवसांनी लॉगिन केलं. नोकरीची बरीच वर्षं ग्रिडचा तोल सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्रात गेली, आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

धागाकर्त्याचा मुद्दा योग्य, पण अर्धा. युनिटं मोजा हे खरंच, पण ती कोणत्या वेळची हेही मोजा. आमच्याकडे दिवसाचे २४ तास नसतात, ९६ ब्लॉक असतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे. प्रत्येक ब्लॉकला कोण किती वीज देणार आणि कोण किती ओढणार हे आदल्या दिवशी ठरतं, मग दिवसभर दुरुस्त्या होत राहतात. फ्रिक्वेन्सी, म्हणजे पुरवठा आणि मागणीचा तोल दाखवणारा आकडा, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या मध्ये ठेवायची. पडद्यावरचा तो आकडा ४९.८५ दाखवायला लागला की खोलीतली गप्पाष्टकं आपोआप थांबतात.

पूर्वी आमची डोकेदुखी म्हणजे संध्याकाळ. दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू. आता दुपारही डोकेदुखी झाली आहे, उलट्या कारणाने. स्वच्छ उन्हात देशभरातून ६०-७० गिगावॉट सौर एकदम अंगावर येतं. ते घ्यायचं तर कोळशाचे संच खाली आणायला हवेत, म्हणजे बॅकडाऊन. पण बॉयलर काही गॅसची शेगडी नाही. संचाला क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरता आलं पाहिजे असा नियम आहे. त्याखाली गेलं की ज्योत अस्थिर होते, तेल जाळून आधार द्यावा लागतो. संच बंदच केला तर संध्याकाळी हवा तेव्हा तो तयार नसतो, थंड पडलेल्या संचाला पुन्हा उभं राहायला तासन् तास लागतात.

आणि संध्याकाळी तर तो हवाच असतो. साडेचारनंतर सौर उतरायला लागतं, सातपर्यंत शून्य. तेवढ्याच वेळात मागणी चढते. अडीच-तीन तासांत पन्नास-साठ गिगावॉटची जागा दुसऱ्या कुणीतरी भरायची. म्हणजे तोच कोळशाचा संच दुपारी ५५ वर बसलेला आणि संध्याकाळी शंभरावर. पूर्ण वेळ चालत नाही, पण नको म्हणूनही चालत नाही. जून २०२५ मध्ये ४८५ गिगावॉट क्षमता असलेल्या देशाची तोवर नोंदलेली सर्वात मोठी मागणी २५० गिगावॉट होती (३० मे २०२४), आणि तरीही नवे कोळसा संच मंजूर होताहेत, याचं उत्तर त्या अडीच तासांत आहे.

ज्यांना ग्रिड लवचीक असणं म्हणजे काय ते बघायचंय त्यांनी ५ एप्रिल २०२० आठवा. रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद. अंदाज होता की १२-१४ गिगावॉट मागणी पडेल. पडली ३१! वाचवलं कुणी? धरणांनी. जलविद्युत केंद्रांनी पंचवीस मिनिटांत १७ गिगावॉटच्या वर उत्पादन खाली आणलं आणि लगेच परत वर नेलं. कोळशाला हे बापजन्मात जमलं नसतं.

बोअरवाला

साहेब, तुमचे ९६ ब्लॉक आमच्याकडे दोनच असायचे. लाईट आहे आणि लाईट नाही.

मी शेतकरी माणूस, आकडे तुम्ही लोक बघा. आमच्या फीडरला (गावच्या शेतीपंपांच्या वीजवाहिनीला) आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री थ्री फेज मिळायची. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री साडेबाराला बॅटरी घेऊन निघायचं. थंडीचे दिवस, पाटात पाय, गवतात फुरसं आहे का काय आहे दिसत नाही. मोटार चालू करावी आणि वीस मिनिटांत डीपीवर फ्यूज उडावा. मग परत घरी यावं की तिथंच शेकोटी करून बसावं? पाणी पुढच्या वाफ्यात गेलं का नाही बघायला उभं तर राहावंच लागतं.

आता आमच्या गावच्या गायरानात सौर प्रकल्प झालाय, फीडरला दिवसाची लाईट येते. सकाळी नऊला मोटार चालू, संध्याकाळी घरी. तुमचा वाटा १७ चा २२ झाला का २५, मला ठाऊक नाही. बायको रात्री निवांत झोपते एवढं खरं.

मधुमालती

बोअरवाला भाऊ, हा प्रतिसाद आख्ख्या धाग्यापेक्षा जास्त समजला. _/\_

पन्नासहर्ट्झ

आणि बघा, भाऊंनी नकळत माझ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. शेतीपंप हा राज्याच्या मागणीचा फार मोठा तुकडा आहे आणि तो हलवता येतो. पूर्वी आम्ही तो रात्री ढकलायचो कारण रात्री कोळशाच्या संचांना काम नसायचं. आता दुपारी आणतोय कारण दुपारी सूर्य फुकट आहे. बॅटरी नको, पाणी वर चढवून वीज साठवणारं पंप स्टोरेज नको, नुसती वेळ बदलली. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळच्या कोळंबीतून सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळच्या जागेत छोटे छोटे प्रकल्प, वीज त्याच परिसरात वापरायची. लांबच्या तारा नाहीत, गळती कमी. माझ्या मते देशातली ही सर्वात शहाणी सौरयोजना आहे, राजस्थानातल्या महाकाय पार्कांपेक्षाही.

खवचट काका

आणि भूजल? दिवसा फुकटात वीज, पंप सात तास चालू. सूर्य संपणार नाही, विहीर संपेल. तिकडे उत्तर गुजरातेत, पंजाबात पाणी कुठवर खाली गेलंय ते विचारा.

बोअरवाला

काका, पाणी रात्री उपसलं तरी तेवढंच खाली जातं. पण बोलताय ते चूक नाही. शेजाऱ्याने स्वतंत्र सौरपंप घेतलाय, दहा टक्के भरून, बाकी सरकारचं. त्याची मोटार ऊन आहे तोवर बंदच होत नाही. गरज नसताना पण चालू. आणि त्याचं दुसरं दुखणं म्हणजे वादळात दोन पॅनल फुटले, तर ज्या ठेकेदाराने बसवले तो फोन उचलेना. फीडरवरची लाईट गेली तर निदान लाईनमनला शिव्या देता येतात.

जमाखर्च

किमतीचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून मी.

राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये जाहीर झालं. त्या वर्षअखेरच्या पहिल्या लिलावात सर्वात कमी बोली १० रुपये ९५ पैसे युनिट होती, आणि तेव्हाही लोक म्हणाले होते की इतक्या कमी दराने परवडणार नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशातल्या रीवाला पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला. त्याच मे महिन्यात राजस्थानातल्या भडला पार्कला २ रुपये ४४ पैसे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. दहा वर्षांत पाचवा हिस्सा.

त्यानंतर दर त्या तळाला परत गेले नाहीत. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनलवर ४० टक्के आणि पॅनलमधल्या सौर सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लागलं, हेतू देशी कारखाने उभे राहावेत हा. अडीच रुपयांच्या आसपास स्थिरावले असं म्हणू. नवीन कोळसा प्रकल्पाची वीज याच्या दुपटीने पडते. त्यामुळे 'सबसिडीवर जगणारं सौर' हे वाक्य मोठ्या प्रकल्पांपुरतं आता जुनं झालं. (घरावरच्या आणि पंपाच्या सौरला सबसिडी आहे, ते वेगळं.)

मधुमालती

मग माझं बिल का वाढतंय? हा प्रश्न मी तीन ठिकाणी विचारला आणि तिन्ही ठिकाणी लोक हसले.

जमाखर्च

हसण्यासारखं नाही ताई. बिल उघडा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर वीज शुल्क. यातल्या वीज खरेदीच्या तुकड्यावर स्वस्त सौरचा परिणाम होतो, तोही आठेक टक्के युनिटांपुरता. दुसरं, वितरण कंपनीने जुन्या कोळसा प्रकल्पांशी २५-२५ वर्षांचे करार केलेत. त्यात संच चालला तर इंधनाचे पैसे, आणि नाही चालला तरी तयार ठेवल्याचे पैसे. पन्नासहर्ट्झ साहेबांनी दुपारी ५५ वर बसवलेला संच आठवा, त्याचं भाडं तुम्ही भरताय. तिसरं, शेती आणि छोट्या ग्राहकांची सवलत मोठे ग्राहक भरून काढायचे. आता तेच कारखाने स्वतःचं सौर घालून निघून चाललेत. उरलेला बोजा उरलेल्यांवर.

म्हणजे सौर स्वस्त आहे म्हणून बिल लगेच उतरत नाही. जुने करार जसे संपतील तसं हळूहळू उतरेल. 'उतरावं' म्हणू या, हमी देणारा मी कोण.

वर्धाकाठ

इतक्या प्रतिसादांत कोळशाच्या गावात राहणारं कुणी नाही असं दिसतंय, म्हणून लिहिते.

आमच्याकडे अंगणातल्या दोरीवर पांढरं कापड वाळत घालत नाहीत. लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या आठवड्यात हे कळतं. मे महिन्यात पारा ४६-४७ आणि वर राखेची धूळ. त्यामुळे कोळसा कमी होणार म्हटलं की पहिली प्रतिक्रिया 'बरं झालं' हीच असते.

दुसरी प्रतिक्रिया थोडी उशिरा येते. माझे दोन्ही दीर कोळशावर आहेत. एक खाणीत कायम, दुसरा वाहतुकीत कंत्राटी. चहाच्या टपऱ्या, टायरची दुकानं, ट्रकवाले, सगळा बाजार त्याच्यावर. सौरची नोकरी राजस्थान-गुजरातेत निघते आणि तीही प्रकल्प उभा राहीपर्यंत. नंतर पॅनल पुसायला माणूससुद्धा लागत नाही म्हणे. तुमचा वाटा ५० टक्के होईल त्या वर्षी आमच्या गावाने काय करायचं, याचा एक रकाना कुणी मांडत नाही.

भटकभवानी

वर्धाकाठ, पुसण्याचं खरं आहे. भडलाला जाऊन आलेय. क्षितिजापर्यंत निळ्या रांगा, २,२४५ मेगावॉट, आणि माणूस औषधालाही नाही. रात्री रोबो कोरड्या ब्रशने काचा पुसत जातात, कारण वाळवंटात धुवायला पाणी कुठून आणणार.

तिथे आणखी एक ऐकलं. वीज तयार आहे पण न्यायला तार नाही म्हणून भर दुपारी प्रकल्प बंद ठेवायला सांगतात. सौरप्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, ४०० किंवा ७६५ केव्हीची वाहिनी उभी राहायला चार-पाच वर्षं लागतात. जमीन, जंगल, आणि तिकडे तर माळढोक. हा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तारांवर आपटून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याला माळढोकाचं नाव उरलंय, पक्षी जवळजवळ नाही. त्यामुळे तिथली भीती मला पोकळ वाटत नाही.

खवचट काका

चला, आता पक्षी सुद्धा कोळशाच्या बाजूने.

पठारावरचा

वाऱ्याला सगळे विसरले. माझं बालपण साताऱ्याच्या पठारावर, चाळकेवाडी-वनकुसवडेच्या बाजूला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे पवनचक्क्या यायला लागल्या तेव्हा लोक म्हणायचे की यांनी ढग पळवले, पाऊस गेला. पाऊस काही गेला नाही, पण गावोगावच्या सभांत यावर भांडणं झालेली मी ऐकली आहेत.

गंमत अशी की देशातल्या सर्वात चांगल्या वाऱ्याच्या जागा या जुन्या, बुटक्या यंत्रांनी अडवून ठेवल्यात. तेव्हाची यंत्रं २३०, ३५० किलोवॉटची. आज एक यंत्र ३ मेगावॉटचं येतं, उंच मनोऱ्यावर, लांब पात्यांचं. त्याच पठारावर कमी यंत्रं लावून कितीतरी जास्त युनिटं निघतील. बदलाचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारलं, पण काम रखडतं. दहा मालक, दहा करार, जुनं यंत्र अजून फिरतंय, पैसे देतंय, मग तोडा कशाला?

आणि वारा पावसाळ्यात येतो, नेमका सौर मंदावतो तेव्हा. रात्रीही चालतो. २०२४-२५ मध्ये २४ गिगावॉटच्या आसपास सौर वाढलं आणि पवन फक्त ४. ही जोडी इतकी विजोड ठेवली तर पन्नासहर्ट्झ साहेबांची संध्याकाळ कशी सुटणार?

पन्नासहर्ट्झ

अगदी बरोबर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घाटमाथ्यावर वारा लागला की कंट्रोल रूममध्ये जीव भांड्यात पडायचा.

साठवणुकीवर काकांचा बाण यायच्या आत लिहितो. पंप स्टोरेज म्हणजे वर एक तळं, खाली एक. दुपारच्या वीजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. चढवायला जेवढी लागली त्यातली पाव-पंचमांश बुडते, तरीही संध्याकाळच्या भावात परवडतं. आपल्याकडे घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. सह्याद्रीचा कडा या कामासाठीच घडवल्यासारखा आहे, म्हणून आता इथे नव्या प्रकल्पांची रांग लागली आहे. पण बोगदे, जंगल परवानग्या, पाच-सात वर्षं.

कोयनेलाही लोक 'अजून चालवा' म्हणतात. पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरलेलं आहे, कृष्णा पाणीतंटा लवादाने. १,९६० मेगावॉटची यंत्रं आहेत, पण पाण्याचं बजेट तेवढंच. म्हणून ती संध्याकाळसाठी जपून वापरायची. वर्षअखेर, म्हणजे मेअखेर, शिल्लक मोजताना अधिकाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

जमाखर्च

बॅटरीचं गणित फार वेगाने बदललंय. २०२२ च्या लिलावात दोन तासांच्या बॅटरीसाठी मेगावॉटमागे महिन्याला १०.८४ लाख रुपये असा दर आला होता. दोन-अडीच वर्षांत तो अडीच लाखांच्या खाली उतरला (काही ठिकाणी सरकारी मदत धरून). सौर आणि बॅटरी एकत्र अशा लिलावांत २०२४ मध्ये साडेतीन रुपये युनिटच्या आसपास दर निघाले. दिवसाची सौर आणि संध्याकाळचा खात्रीचा हिस्सा मिळून साडेतीन रुपयांत. माझ्या दृष्टीने या सगळ्या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आकडा हाच. पॅनलची स्वस्ताई २०१० ते २०२० या काळात झाली, बॅटरीची आता चालू आहे.

खवचट काका

लिलावात निघालेला दर आणि मीटरवर आलेली वीज यात लग्नपत्रिका आणि संसाराएवढं अंतर असतं. किती प्रकल्प लिलाव होऊन करारावाचून पडलेत तेही लिहा. १७५ गिगावॉटचं २०२२ चं उद्दिष्टही असंच वाजतगाजत आलं होतं, चुकलं. आता २०३० चं ५०० आहे.

आकडेमोड्या

काका, १७५ चुकलं हे मान्य. पण चुकतानाही आकडा शंभराच्या वर गेला होता, आणि २०२४-२५ मध्ये एका वर्षात सगळी अक्षय मिळून २९ गिगावॉटच्या वर भर पडली.

तुमच्याच संशयाला धरून एक हिशोब करतो. २४ गिगावॉट सौर वर्षाला साधारण ४० अब्ज युनिटं देतं. पवन आणि बाकीचं धरून ५० म्हणा. देशाची मागणी ५ टक्क्यांनी वाढली तर ९० अब्ज युनिटं लागतात. म्हणजे २०२४-२५ च्या वेगाने कोळसा वाढतच राहणार. मागणी अडीच टक्क्यांवर आली, किंवा बसवण्याचा वेग दुप्पट झाला, तर कोळसा थांबतो. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत नेमकं हेच दिसलं. पाऊस लवकर आला, एसी कमी चालले, मागणी मंदावली, आणि कोळशाची युनिटं आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा कमी भरली. यात पावसाचा हात किती आणि सौरचा किती, यावर भांडायला जागा आहे. पण आता आपण अशा जागी आलोय की एक थंड उन्हाळा पारडं फिरवू शकतो. दहा वर्षांपूर्वी दहा थंड उन्हाळ्यांनीही ते फिरलं नसतं.

वर्धाकाठ, तुमचा रकाना खरंच कुणी मांडत नाही. कोळसा 'वाढायचा थांबणं' आणि 'कमी होणं' यात जो वेळ मिळेल, तो त्यासाठी वापरायचा असतो. तो वापरला जातोय असं मला तरी दिसत नाही.

वर्धाकाठ

धन्यवाद. निदान कुणीतरी वाचलं.

आणखी एक: आमच्याकडे बंद पडलेल्या खाणींचे खड्डे आहेत, पाण्याने भरलेले, खोल. शेजारी मातीचे डोंगर. वर तळं, खाली तळं, आणि वीजकेंद्राच्या तारा दारातून गेलेल्या. साहेब, तुमचं ते पंप स्टोरेज इथे होणार नाही का?

पन्नासहर्ट्झ

कल्पना चांगली आहे आणि खाणींच्या बाबतीत तिचा विचार सुरूही आहे. अडचण उंचीची. सह्याद्रीत कडा चारशे-पाचशे मीटरचा मिळतो, खाणीत शंभर-दीडशे मिळाला तरी नशीब. उंची कमी तर तेवढ्याच वीजेसाठी पाणी तितक्या पट जास्त. शिवाय मातीचा ढिगारा पाणी धरत नाही, खचतो. पण तारा तयार असणं ही फार मोठी गोष्ट आहे, त्यामुळे बॅटऱ्यांसाठी जुन्या वीजकेंद्राची जागा उत्तम. त्यातून नोकऱ्या मात्र खाणीएवढ्या निघणार नाहीत, हे आधीच सांगतो.

मधुमालती

मी आपलं माझं विचारते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर घालायचं चाललंय, लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी. अर्धे सभासद म्हणतात गच्ची गळेल, अर्धे म्हणतात पैसे कुठून. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीला काही मिळतं का? आणि पाण्याचा पंप आमचा वॉचमन पहाटे पाचला लावतो, त्याने फरक पडतो?

जमाखर्च

सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये. घरगुती ग्राहकाला वेगळं: पहिल्या दोन किलोवॉटना ३०,००० प्रत्येकी, तीन किंवा जास्त असेल तर एकूण ७८,०००. गच्ची गळण्याचा प्रश्न पाया कसा बसवताय यावर आहे. स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करा, आणि आधी वॉटरप्रूफिंग उरका. नंतर पॅनल उचलून ते करायचं म्हणजे दुप्पट खर्च.

पन्नासहर्ट्झ

ताई, पंप पहाटे पाचला नको. सौर बसवा न बसवा, स्मार्ट मीटर असेल तर दिवसा नऊ ते पाचच्या वापराला आता सवलतीचा दर आहे. वॉचमनला अकरा वाजता लावायला सांगा. टाकी लहान असेल तर दोनदा.

मधुमालती

अकराला पाणीच नसतं हो साहेब, कॉर्पोरेशनचं पहाटेच येतं! पण खालची टाकी मोठी आहे, ती भरून ठेवून वर चढवता येईल. सभेत मांडते.

टिवल्याबावल्या

देशाचा ग्रिड आणि आमच्या मधुमालतीताईंची खालची टाकी. पंप स्टोरेजच झालं की हे.

खवचट काका

यात वीज परत कुठे निघतेय रे? नुसतीच जातेय.